मागानं भरलेली खोली : न्यूनेनच्या विणकरांची जलरंगचित्रं

जलरंगात घराच्या आतलं चित्र काढायचं तर ब्रश ओला करायच्या आधी बसायचं कुठं हे ठरवावं लागतं. वस्तू जेवढी मोठी, तिच्या निदान दुप्पट लांब बसा, असं आम्हाला वर्गात सांगायचे. देवळाच्या सभामंडपात हे जमतं, वाड्याच्या सोप्यात जमतं. एका खणाच्या घरात जमत नाही. तिथं पाठ भिंतीला टेकते तरी समोरची वस्तू नजरेत मावत नाही.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८४ च्या पहिल्या सहा-सात महिन्यांत हॉलंडमधल्या न्यूनेन गावच्या विणकरांची चित्रं केली. सुमारे दहा तैलचित्रं, शिवाय बरीच जलरंगचित्रं आणि शाईची रेखाटनं. ही चित्रं या एका अडचणीतून कशी घडली ते इथं मांडतो. माझं बोलणं मुख्यतः जलरंगांबद्दल आहे. माझं लहानपण येवल्याला आजोळी, पैठणीच्या मागाशेजारी गेलं, म्हणून या चित्रांकडं मला त्रयस्थपणे बघता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गाव आणि माणूस

न्यूनेन हे हॉलंडच्या दक्षिणेकडच्या ब्राबांट भागातलं, एंडहोव्हनजवळचं खेडं. वस्ती बहुतेक कॅथलिक, आणि व्हिन्सेंटचे वडील तिथल्या मूठभर प्रोटेस्टंट लोकांचे पाद्री. डिसेंबर १८८३ मध्ये तो तिथं आला तेव्हा तिशीचा होता. त्याआधी तीन महिने उत्तरेकडच्या ड्रेन्थच्या माळावर एकट्यानं काढले होते. पैसे संपले, एकटेपणा सोसेना, म्हणून आईवडिलांच्या घरी परतला. घरच्यांना आपण कसे वाटतो ते त्यानं भावाला, थिओला, लिहून ठेवलंय: एखादा मोठा झिपरा कुत्रा घरात घ्यायला लोक जसे कचरतात, तसे हे मला कचरतात. कामासाठी त्याला घराच्या मागची कपडे धुण्याची खोली मिळाली.

जलरंग तो शिकला होता हेगमध्ये, आंतोन मॉव्हकडून. मॉव्ह नात्यातला, आणि जलरंगात मुरलेला चित्रकार. १८८१ च्या अखेरीस त्याच्या हाताखाली पहिले धडे गिरवताना व्हिन्सेंटनं थिओला कळवलं, की वातावरण आणि अंतर दाखवायला जलरंगासारखी दुसरी गोष्ट नाही, त्यात आकृतीच्या भोवती हवा असते आणि तिला श्वास घेता येतो. हे वाक्य लक्षात ठेवा. ज्या माध्यमाचं त्यानं हवेसाठी कौतुक केलं, तेच घेऊन तो दोन वर्षांनी अशा खोल्यांत जाऊन बसला जिथं हवेला जागा नव्हती.

विणकर मात्र त्याच्या मनात त्याही आधीपासून होते. १८८० मध्ये बेल्जियमच्या खाणपट्ट्यातून लिहिलेल्या पत्रात त्यानं खाणकामगार आणि विणकर यांची जोडी लावली आहे: एक पाताळातून वर आलेला माणूस, आणि दुसरा स्वप्नात असल्यासारखा, झोपेत चालणाऱ्यासारखा. त्यांची चित्रं कधीतरी काढता आली तर मला समाधान वाटेल, असंही त्यात आहे. म्हणजे न्यूनेनला आल्यावर विषय शोधावा लागला नाही. तो शेजारच्या घरांतून खटखटत होता.

एका आठवड्याचा हिशेब

या विणकरांचं पोट कसं भरत होतं ते व्हिन्सेंटनं आकड्यांत सांगितलंय. नेटानं काम करणारा विणकर आठवड्याला साधारण ६० वारांचा एक ताका काढतो. तो विणत असताना समोर एका बाईला बसून कांड्या भराव्या लागतात, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळावं लागतं. म्हणजे राबणारे दोघं. त्या ताक्यावर सुटतात साडेचार गिल्डर, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन. आणि माल घेऊन कारखानदाराकडे गेलं, तर पुढचा ताका आठ-पंधरा दिवस आणू नकोस, असं त्याला बऱ्याचदा ऐकावं लागतं.

कांड्या भरणाऱ्या बाईचा उल्लेख वाचला तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. आमच्याकडं आजी आणि मावशी हेच करायच्या. मागावरचा पुरुष दिसतो, कापडावर नाव त्याचं लागतं. कांडी भरून दिली नाही तर धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारं लाकूड, रिकामा जातो, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. व्हिन्सेंट परका होता, पाद्र्याचा मुलगा होता, तरी पैशाचा हिशेब मांडताना त्याला ती बाई दिसली.

थिओ पॅरिसमध्ये चित्रविक्रीच्या धंद्यात होता. त्याच काळात तो व्हिन्सेंटला दरमहा १५० फ्रँक पाठवत होता आणि बदल्यात चित्रं घेत होता. १५० फ्रँक म्हणजे सत्तरेक गिल्डर. विणकराच्या घरात महिनाभर ताके निघत राहिले तरी वीसच्या आत. व्हॅन गॉगच्या गरिबीच्या कहाण्या आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. त्याचे दिवस ओढगस्तीचे होते यात शंका नाही, रंग, कागद, समोर बसणाऱ्यांचे पैसे यांत रक्कम वितळून जायची. पण न्यूनेनच्या त्या खोलीत शिरणारा हा माणूस समोर बसलेल्या कुटुंबाच्या तिपटीहून जास्त कमाईचा होता. ही चित्रं बघताना तेवढं भान मला ठेवावंसं वाटतं.

अडचण

लाकडी हातमाग हे घरातलं सामान नसतं. ते घरातलं घर असतं. चार खांब, वर तुळया, मधे ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा पट्टा, धागा ठोकून बसवणारी फणी, खाली पायानं दाबायच्या पावड्या. माणूस त्याच्या पोटात शिरून बसतो. येवल्याला आजोबांचा खड्डामाग होता, पाय खड्ड्यात सोडून बसायचे, त्यामुळे निम्मा माणूस जमिनीत गेलेला. ब्राबांटचा माग जमिनीवर उभा, त्यामुळे खोलीतली जागा आणखी खाणारा.

व्हिन्सेंटची तक्रार नेमकी हीच होती. या लोकांना काढणं अवघड आहे, कारण लहानशा खोल्यांत माग पूर्ण दिसेल इतकं मागे सरता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच इतके प्रयत्न फसतात, असं त्यानं लिहिलं. पुढं असंही, की आता मला एक खोली सापडली आहे, तिथं दोन माग आहेत आणि तिथं हे जमू शकेल.

हेगमध्ये असताना १८८२ साली त्यानं यथार्थदर्शनासाठी एक लाकडी चौकट करून घेतली होती. त्यात दोऱ्या ताणलेल्या. समुद्रकिनारी, कुरणात ती रोवायची आणि तिच्यातून बघत प्रमाणं धरायची. अशी चौकट मोकळ्यावर उत्तम चालते. हातभर अंतरावर वस्तू आली की जवळचा खांब राक्षसासारखा फुगतो, लांबचा एकदम बारीक होतो, आणि मान जराशी वळवली तरी सगळे कोन बदलतात. न्यूनेनच्या काही चित्रांत मागाच्या खांबांचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत. ते बघून मला वाटतं, की तो एका जागेवरून बघत नव्हता. तेवढं बघायला जागाच नव्हती. डावीकडं बघून डावा खांब काढला, उजवीकडं वळून उजवा. परीक्षेत याचे गुण कापले जातील. पण दोन हातांवरून माग बघणाऱ्याला तो असाच दिसतो.

एक खोली जवळून

जानेवारी १८८४ च्या एका पत्रात त्यानं एक खोली शब्दांत रंगवली आहे. जुन्या ओक लाकडाचा माग, वर्षानुवर्षं हात लागून हिरवट-तपकिरी पडलेला. त्यावर साल कोरलेलं: १७३०. म्हणजे व्हिन्सेंटनं बघितला तेव्हा तो माग दीडशे वर्षं वापरात होता. शेजारी लहानशी खिडकी, खिडकीबाहेर हिरवा तुकडा. आणि खिडकीपाशी लहान मुलाची उंच खुर्ची. तान्हं पोर तिच्यात तासन् तास बसून धोट्याचं जाणं-येणं बघत राहतं. खाली मातीची भुई. जे जसं होतं तसं काढायचा प्रयत्न केला, असं तो म्हणतो: माग, छोटा विणकर, खिडकी आणि ती खुर्ची.

या विषयावरचं शाईचं रेखाटन आपल्याला बघायला मिळतं. नजर आधी मागावर जाते, मग विणकरावर, आणि मग कडेच्या त्या मुलावर थांबते. मुलाला खेळणं दिलेलं नाही. धोटा हेच खेळणं. आई कांड्या भरतेय, बाप विणतोय, पोराला सांभाळायला तिसरं कुणी नाही, म्हणून त्याला उंचावर बसवून मागासमोर ठेवलंय. घराची सगळी अर्थव्यवस्था त्या एका खुर्चीत आहे.

गरिबाघरचं चित्र म्हटलं की बहुतेक चित्रकार ठिगळं काढतात, फुटकं मडकं काढतात, काजळलेली भिंत काढतात. मीही काढली आहेत. ती काढायला सोपी असतात आणि विकलीही जातात. या चित्रांत ठिगळं शोधावी लागतात. इथं गरिबी जागेच्या रूपानं येते. साडेचार गिल्डर कमावणाऱ्या वस्तूनं खोली व्यापली आहे, आणि उरलेल्या फटींत माणसं राहतात.

चित्रात त्यानं काय केलं

त्यानं मागाला कागद देऊन टाकला. बहुतेक चित्रांत माग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आहे आणि खोली नावापुरती. विणकर खांबांच्या आत, पिंजऱ्यात बसावा तसा. चेहरा जेमतेम. हातांची जागा कळते, बोटं कळत नाहीत. उजेड खिडकीतून, बऱ्याचदा पाठीमागून, त्यामुळे माणूस म्हणजे एक काळा ठसा.

मित्र अंतॉन व्हॅन राप्पार्ड यानंही विणकर रंगवले होते. त्याला लिहिलेल्या पत्रात व्हिन्सेंटनं आपली बाजू मांडली आहे. काळवंडलेल्या ओकचं ते अजस्र धूड, त्या सगळ्या काठ्या, भोवतीचा करडेपणा, आणि मधे सकाळपासून रात्रीपर्यंत त्या काठ्यांचा खडखडाट करणारं एक काळं माकड, भूत किंवा पिशाच्च. ते जिथं बसलेलं मला दिसलं, तिथं मी चार फराटे आणि डाग टाकले, असं तो म्हणतो. मागाचा अभियांत्रिकी नकाशा माझ्या चित्राशेजारी ठेवला तरी माझ्या मागातून एक उसासा ऐकू यायला हवा, असा त्याचा दावा आहे.

माकड हा शब्द मला टोचतो. माझे आजोबा त्या जागी बसत होते. पण पुन्हा वाचलं की कळतं, तो माणसाला हिणवत नाही. त्या उजेडात, तेवढ्या जवळून, काठ्यांच्या जंजाळात माणूस जसा दिसतो तसा सांगतोय. आजोबांचा चेहरा विणताना कसा असायचा ते मलाही आठवत नाही. आठवतात ते पुढं-मागं झुलणारे खांदे आणि फणीचा ठोका.

आता रंगकामाचं. अंधारी खोली हा पारदर्शक जलरंगाचा वैरी आहे. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद, आणि अंधार म्हणजे थरावर थर. दोन थर स्वच्छ बसतात, तिसरा सांभाळून, चौथ्याला रंगाचा चिखल होतो आणि कागदाची लव उठते. त्यात मागाचे प्रकाशित भाग काड्यांएवढे बारीक: ताण्याचे धागे, फणीची कड, खांबाची उजळ बाजू. तेवढ्या बारीक जागा कोऱ्या सोडत अंधार भरायचा म्हणजे काट्यावरून चालणं.

व्हिन्सेंटनं मॉव्हची हवेशीर पद्धत इथं ताणून धरली नाही. पातळ रंगाच्या जोडीला गॉश म्हणतात तो अपारदर्शक जलरंग घेतला, उजेडाच्या जागा पांढऱ्यानं वर काढल्या आणि लाकडाला शाईनं घट्ट बांधलं. शुद्ध जलरंगवाले नाक मुरडतात, पांढरा वापरला म्हणजे हार मानली, म्हणतात. मला ते पटत नाही. या खोलीत हवा नव्हती. पारदर्शक धुवण्यांत, म्हणजे पातळ रंगाच्या थरांत, ती रंगवली असती तर नसलेली हवा चित्रात शिरली असती. रंगाचा तो जडपणा खोलीचाच आहे.

शाईबद्दल एक सूचना. त्या काळी सर्रास वापरली जाणारी लोहयुक्त शाई लावल्यावर काळी होते आणि वर्षं गेली की तपकिरी पडते. त्यामुळे अशा शाईकामाचा आज दिसणारा ऊबदार तपकिरी सूर काळानं दिलेला असू शकतो. छापील प्रतीवरून रंग जुळवायला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रात्रीचीही एक नोंद त्याच्या पत्रांत आहे, आणि ती मला फार आवडते. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात त्यानं रंगीत कापड विणताना पाहिलं. उजळ कापडावर वाकलेल्या काळ्या आकृत्या, आणि पांढऱ्या भिंतींवर मागाच्या पट्ट्यांच्या, तुळयांच्या मोठाल्या सावल्या. त्याला रेम्ब्रां आठवला. विणकर तोवर टांगते दिवे वापरू लागले होते. त्यानं मात्र एका विणकराकडून जुन्या तऱ्हेचा लहान दिवा मिळवला, मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रात असतो तसा.

माझा प्रयोग

वाचून समजलं असं वाटणं आणि कागदावर उतरणं यांत फरक असतो, म्हणून मी येवल्याला मावसबहिणीकडं जाऊन चार दिवस बसलो. आजोबा आता नाहीत, पण माग आहे, आणि भाऊजी त्यावर बसतात. खोली साधारण दहा फूट बाय बारा फूट. पाण्याचं भांडं ठेवायला जागा नाही म्हणून कोनाड्यात ठेवलं. पाठ भिंतीला, गुडघा मागाच्या खांबाला. ठोका पडला की माझा फळा हादरायचा आणि ओल्या धुवणीत बारीक लाटा उठायच्या.

पहिल्या दिवशी पूर्ण माग बसवायचा हट्ट धरला. तो बसला, पण बाहुल्यांच्या घरातल्यासारखा लहान, आणि भोवती मी कल्पनेनं घातलेली मोकळी जागा. खोटं चित्र. दुसऱ्या दिवशी बर्न्ट सिएना हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा, यांच्या मिश्रणात अंधार भरत गेलो, पाचव्या थराला कागद उठला. तिसऱ्या दिवशी वरचा खांब कागदाबाहेर जाऊ दिला, उजवी बाजूही कापली गेली. खिडकी कोरी सोडली. अंधार दोनच थरांत, पण पहिल्यापासून गडद. ताण्याचे धागे शेवटी पांढऱ्या गॉशनं, कोरड्या ब्रशनं, एका दमात ओढले. तो कागद उभा राहिला. चौथ्या दिवशी भाऊजींचा चेहरा नीट काढायला गेलो आणि बिघडवला, म्हणून तिसराच ठेवला.

जागा कमी होती म्हणून जे कापलं गेलं, त्यानंच खोली खोलीसारखी दिसू लागली. पत्रं वाचून मी हे मान्य केलं होतं. कागदावर मात्र तीन दिवस लागले.

पुढं काय झालं

व्यवहारात यश शून्य. थिओकडून काही विकलं गेलं नाही, आणि तू प्रयत्नच करत नाहीस, अशी व्हिन्सेंटची कडवट तक्रार त्या वर्षीच्या पत्रांत आहे. १८८४ च्या उन्हाळ्यानंतर विणकर मागे पडले. पण खोली सुटली नाही. एप्रिल १८८५ मध्ये तो पुन्हा एका अंधाऱ्या घरात शिरला, यावेळी जेवणाच्या वेळी, आणि त्यातून 'बटाटे खाणारे' हे ८२ बाय ११४ सेंटिमीटरचं तैलचित्र आलं. टांगता दिवा, खाली कोंडाळं करून बसलेली पाच माणसं. राप्पार्डनं त्याच्या शिळाछापावर इतकी कठोर टीका केली की दोघांची मैत्रीच पुढं टिकली नाही. त्या चित्राचं सगळे कौतुक करतात, करावंच. पण कोंडलेल्या जागेत माणसं एकमेकांत कशी अडकलेली असतात, हे तो वर्षभर आधी मागापाशी शिकला होता, असं माझं ठाम मत आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये तो अँटवर्पला गेला आणि परत आला नाही. वडील त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते. आई ब्रेडा गावी राहायला गेली, तेव्हा न्यूनेनमधल्या कामांनी भरलेल्या पेट्या ब्रेडातल्या एका सुताराकडं पडून राहिल्या. पुढं त्यातला मोठा भाग भंगारवाल्याकडं गेला आणि हातगाडीवरून कवडीमोलानं विकला गेला. कागदावरची कामं तर अशा प्रवासात सगळ्यात आधी जातात. जी उरली त्यातली काही आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. उजेडानं रंग उडतात म्हणून कागदावरची चित्रं बराच काळ अंधारात ठेवतात आणि थोड्या दिवसांपुरती बाहेर काढतात.

माझा तिसऱ्या दिवसाचा कागद मी मावसबहिणीला दाखवला. वरचा खांब कापला गेलाय, पुढच्या वेळी मोठा कागद आणतो, असं म्हणालो. ती कांड्या भरता भरता थोडा वेळ बघत राहिली. म्हणाली, "असू दे रे दादा. मी लहानपणी इथं बसायचे तिथून तो खांब कधी दिसलाच नाही."